चुलीजवळचं रेडिओ स्टेशन

फक्त संध्याकाळपर्यंत, असं झेनोबिओनं स्वतःला बजावलं आणि पुकापाम्पा गावाचं अख्खं रेडिओ स्टेशन उचलून आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. (बायकोला विचारलं का? नाही. बायको तेव्हा शेतावर गेली होती, आणि झेनोबिओच्या अनुभवानुसार बायकोला विचारायची सर्वांत उत्तम वेळ तीच.)

अख्खं स्टेशन म्हटल्यावर भलतंसलतं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक जुना ट्रान्समीटर, त्याला जोडलेला कॅसेट प्लेअर, एक मायक्रोफोन आणि मायक्रोफोनला डोंगरातली थंडी बाधू नये म्हणून चढवलेला लोकरीचा मोजा. पण एवढ्याशा पेटाऱ्यासाठी गावातल्या प्रत्येक घरानं बटाट्याची पोती विकली होती, त्यामुळे तो पेटारा म्हणजे सगळ्या गावाचा जीव. सकाळी त्यावर कासिमीरोचा चारांगो, म्हणजे चिमुकली गिटार, आणि विनोद लागत. (चारांगो चांगला असे.) आणि दर गुरुवारी दुपारी झेनोबिओचा तास.

झेनोबिओ शाळेत कारकून. हेडमास्तरांपुढे त्याची मजल 'होय साहेब' याच्या पुढे कधी गेली नाही. पण मोज्यातला मायक्रोफोन समोर आला की हाच माणूस मंत्र्यांना एकेरीत हाक मारी. सत्तेवर बसलेल्यांनी उत्तर दिलंच पाहिजे, हे त्याचं ठरलेलं वाक्य. गावातली पोरं ते पाठ म्हणत.

गेले तीन आठवडे मात्र त्या तासाला हसू येत नव्हतं. वरच्या खाणीतून नदीत तांबडं पाणी उतरायला लागलं, तेव्हा गावातले तिघं जण रस्त्यावर आडवे बसले आणि कंपनीचे पाइप त्यांनी वर जाऊ दिले नाहीत. लिसान्द्रो, मेल्चोर आणि आपोलिनार. तिघांना जिल्ह्याच्या कोठडीत डांबलं. आरोप नाही, कागद नाही, भेट नाही. त्यातला लिसान्द्रो म्हणजे झेनोबिओचा धाकटा मेहुणा. झेनोबिओ दर गुरुवारी तिघांची नावं तीनतीनदा घ्यायचा. नाव घेणारं कोणी असलं की माणूस सहजासहजी गडप करता येत नाही, हे त्या डोंगरात सगळ्यांना माहीत होतं. सरकारलाही माहीत होतं. म्हणून तर चार वर्षं परवान्याच्या अर्जावर बसून राहिलेल्या खात्याला एकाएकी जाग आली आणि पेटारा जप्त करायला गुरुवारी निरीक्षक येणार असा निरोप आला.

"पुरून टाकू," कासिमीरो म्हणाला. "आठवडाभर गप्प बसू."

"गप्प?" झेनोबिओ म्हणाला. "त्यांना हवंय तेच करायचं? गुरुवारी नावं घेतली जाणार म्हणजे जाणार."

मग त्यानं अशी काही योजना काढली की स्वतःच्या हुशारीनं त्याला रात्रभर झोप आली नाही. भाषण आधीच कॅसेटवर भरायचं. पेटारा घरात चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवायचा, जिथं बायकोचे, म्हणजे फोर्तुनाताचे, कुय राहतात. (कुय म्हणजे गुबगुबीत, बिनशेपटीचा, उंदराचा श्रीमंत चुलतभाऊ. त्या गावात घरोघरी चुलीपाशी पंधरावीस असतात आणि सणाला एखादा कमी होतो.) शहरी निरीक्षक त्या कोपऱ्यात बोट घालणार नाही. तार धुराड्यातून बाहेर काढायची आणि कपडे वाळत घालायच्या बांबूला बांधायची. निरीक्षक येईल तेव्हा रेडिओवर झेनोबिओ गरजत असेल आणि घरात झेनोबिओ निमूट बटाटे सोलत असेल. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल? जा, शोधा डोंगरात.

दुपारी बारा वाजता त्यानं मायक्रोफोन हातात घेऊन स्वतः तिघांची नावं घेतली, कॅसेट सुरू केली, पेटाऱ्यावर घोंगडी टाकली आणि बटाटे घेऊन बसला. सगळं यथासांग झालं. एकच गोष्ट राहिली. मायक्रोफोन बंद करायचा राहिला.

निरीक्षक बेलाओचागा आले ते धापा टाकत. समुद्रकाठचा माणूस, एवढ्या उंचीवर पाच पायऱ्या चढला तरी छाती भात्यासारखी चालायची. बाहेर उभ्या गाडीत ड्रायव्हरनं रेडिओ लावला होता आणि त्यातून झेनोबिओ मंत्र्यांची सालं काढत होता. निरीक्षकांनी गाडीकडे पाहिलं, मग बटाट्यांची सालं काढणाऱ्या झेनोबिओकडे.

"हा आवाज कुणाचा?"

"चुलतभावाचा, साहेब. आमच्या घराण्यात सगळ्यांचा आवाज एकच."

"आणि तो आहे कुठे?"

"डोंगरात."

दारातून अकरा डोंगर दिसत होते. निरीक्षकांनी ते मोजले असावेत, कारण ते मुकाट्यानं बाकावर बसले.

तेवढ्यात फोर्तुनाता पाठीवर घासाचा भारा घेऊन आत आली. निरीक्षकांनी जप्तीचा कागद पुढे केला. तिनं तो बघितलाही नाही.

"कागद मागाहून. आधी सूप."

पुकापाम्पात उंबरा ओलांडलेल्या माणसाला, मग तो जप्तीवाला का असेना, उपाशी बोलू देत नाहीत. वाटी अर्धी टाकली तर घराचा अपमान. वाटी संपवली तर वरचं वाढणं, त्याला तिथं 'यापा' म्हणतात, आणि यापा नाकारणं म्हणजे त्याहून मोठा अपमान. थोडक्यात, पाहुण्याला सुटका नाही. बटाट्याचं दाट सूप निरीक्षकांपुढे आलं. त्यासोबत हिरवी चटणी हवी म्हणून फोर्तुनातानं मिक्सर काढला. भिंतीतल्या बटणापाशी भोकं दोनच, आणि दोन्ही भरलेली. तिनं त्यातली एक पिन उपटली, कॅसेट प्लेअरची.

बाहेर रेडिओवरचा झेनोबिओ 'सत्तेवर बसलेल्यांनी उत्तर' एवढं म्हणाला आणि थांबला. त्याच्या जागी मिक्सरची घरघर ऐकू यायला लागली. वारा सुटला म्हणून ड्रायव्हरनं गाडीची काच वर केली आणि मग बाहेरचं काहीच ऐकू येईना. पण झेनोबिओला ऐकायची गरज नव्हती. घोंगडी कुयांनी ओढून बाजूला केली होती, आणि त्यांच्या गर्दीत पेटाऱ्यावरचा, मायक्रोफोन चालू असल्याचा लाल दिवा जळत होता. म्हणजे वरचा कॅसेटचा आवाज गेल्यावर आता या घरातला शब्द न् शब्द गावभर चालला होता.

"तुमचा चुलतभाऊ गप्प झाला वाटतं," निरीक्षक म्हणाले.

"दमला असेल."

"तुला चुलतभाऊ कुठला?" फोर्तुनाता म्हणाली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली, क्षणभर थांबली आणि परत सुपावर आली. "हां. तो होय. तो दमतोच."

दुसरी वाटी भरताना निरीक्षकांचा चेहरा जरा सैल झाला. "बाई, तुमचा नवरा फार धोकादायक माणूस आहे असं आमच्या फायलीत लिहिलंय."

"कोण? हा?" फोर्तुनातानं पळी खाली ठेवली आणि ऐसपैस बसली. बायको पळी खाली ठेवून बोलायला बसली की काय होतं, हे अकरा वर्षांच्या संसारात झेनोबिओ शिकला होता.

"शेजारच्यांची टर्की आहे ना, पक्षी, त्याला घाबरून हा मागच्या वाटेनं शाळेत जातो. मंत्र्याला म्हणतो, आठ दिवसांत जबाब दे. आमच्या संडासाचं दार चार वर्षं निखळलंय. मी गाणं म्हणत बसते, म्हणजे आत कुणी आहे हे लोकांना कळावं. आणि भाषणं? ती आधी या कुयांना म्हणून दाखवतो. त्यातले निम्मे झोपतात."

निरीक्षक हसले. झेनोबिओ नाही हसला. गावात या घडीला प्रत्येक चुलीपाशी रेडिओ चालू होता. हेडमास्तरांकडे तर मोठा होता. त्यानं बाकाखालून हळूच पाय लांबवला. पायाचा अंगठा मायक्रोफोनच्या बटणापर्यंत पोचला की संपलं. अजून वीतभर.

"अहो, अशा माणसासाठी आम्हाला एवढा डोंगर चढायला लावला," निरीक्षक डोळे पुसत म्हणाले. "त्या तिघांचंही तेच. केस कसली आणि काय? काही नाहीच मुळी. सोमवारी कंपनीचा पाइप टाकून होतोय, की देतील सोडून. तोवर आत ठेवा, एवढंच वरून सांगितलंय."

झेनोबिओचा पाय हवेतच थांबला. बावीस दिवस सगळं गाव जे विचारत होतं, त्याचं उत्तर या माणसानं सुपाच्या वाटीवर देऊन टाकलं होतं. आणि तो अजून बोलणार होता, हसू टिकलं तर. झेनोबिओला भीती वाटत होती, टर्कीची वाटते तशी नाही, खरी. पण लिसान्द्रोला कोठडीत काय वाटत असेल हे मनात आलं आणि त्याला संताप आला, आधी निरीक्षकाचा आणि मग आपल्या अंगठ्याचा. त्यानं पाय मागे घेतला.

"फोर्तुनाता," तो म्हणाला, "टर्कीचं अर्धंच सांगितलंस. झाडावरचं सांग की."

फोर्तुनातानं त्याच्याकडे पाहिलं. लग्नात पाहिलं होतं त्यानंतर असं तिनं पाहिलं नव्हतं.

"झाडावरचं सांगू?"

"सगळं सांग."

मग तिनं सगळं सांगितलं. टर्कीला भिऊन नवरा झाडावर कसा चढला, खाली उतरायला दुपार कशी झाली, वरून त्यानं टर्कीला 'तुम्ही' म्हणून कशी विनवणी केली. हसून हसून निरीक्षकांच्या हातातला चमचा पडला, आणि त्या हसण्यात ते आणखी पुष्कळ बोलून गेले. पाइप होईपर्यंत तिघांना धरून ठेवा असा फोन कुणी केला ते. जप्तीचा कागद आधीच सही करून कसा पाठवला ते. बाहेर उभी गाडीसुद्धा कंपनीनंच दिल्याचं.

दार उघडून ड्रायव्हर आत आला. तो शेजारच्या गावचा, खालच्या अंगाच्या वस्तीतला. तेच तांबडं पाणी पिणारा.

"साहेब, तुम्ही रेडिओवर आहात."

"काय?"

"हे आत्ता 'काय' म्हणालात, तेही लागलं."

निरीक्षक ताडकन उठले आणि तितक्याच ताडकन बसले. दोन वाट्या सूप पोटात आणि डोंगरावरची विरळ हवा, डोकं गरगरायला लागलं. फोर्तुनातानं न विचारता कोकाच्या पानांचा चहा, उंचीच्या चक्करेवरचा तिथला उतारा, पुढे केला. (पाहुणा तो पाहुणाच.) बाहेर पावलांचा आवाज झाला. स्वयंपाक टाकून आलेल्या बाया, हातात पळ्या तशाच. त्यांच्या पुढे गावसभेच्या मुख्य इलारियाबाई, वय सत्तर, गुडघे दुखरे, जीभ ठणठणीत.

"हे बेकायदेशीर प्रक्षेपण..." निरीक्षक म्हणाले.

"कोठडी कायदेशीर आहे का, ते आधी सांगा," इलारियाबाई म्हणाल्या. "सावकाश बोला. मायक्रोफोन चालूच आहे."

निरीक्षकांनी चहात तोंड घातलं. कुय तेवढे चीची करत होते, आणि तेही सगळ्या गावानं ऐकलं.

जप्तीचा कागद चुलीत गेला. कुणी टाकला हे विचारल्यावर आजही गावातल्या चाळीस बाया सांगतात, मी. मग त्या चाळीसच्या चाळीस जणी कंपनीच्या त्याच गाडीत शिरल्या, टपावर चढल्या, दाराला लोंबकळल्या, आणि ड्रायव्हरनं काही न बोलता गाडी जिल्ह्याच्या रस्त्याला लावली. निरीक्षकांना जागा उरली नाही. ते आडवे झाले होते. गाडी पोचली तेव्हा कोठडीचं कुलूप उघडलेलं होतं. चौकीतही रेडिओ चालू होता, आणि हवालदारानं आपल्या अकलेनं आपली कातडी वाचवली. चार वाजता तिघं घरी होते. लिसान्द्रो दाढी वाढलेला, सुकलेला, आणि बहिणीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडणारा.

झेनोबिओनं फोर्तुनाताला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?"

"माझ्या स्वयंपाकघरात कुय शिंकला तरी मला कळतं," ती म्हणाली. "दिवा दिसला तेव्हाच मायक्रोफोन चालू आहे ते कळलं. कॅसेटची पिन तर मी त्याआधीच मुद्दाम काढली होती. तुझं भाषण मी पाचदा ऐकलेलं होतं, कुयांबरोबर."

रविवारी गावसभा भरली. लपवाछपवी बंद, असं एकमतानं ठरलं. रेडिओ झेनोबिओच्या स्वयंपाकघरातच राहील, आणि ज्याला जप्त करायचाय त्याला पत्ता सापडावा म्हणून बाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत स्टेशनचं नाव रंगवायचं. खाली बाण. मग गुरुवारच्या तासाचा विषय निघाला. झेनोबिओ उभा राहिला, सदरा नीट केला आणि मनाशी तयार केलेलं विनयशील भाषण ओठांवर आणलं. पण तेवढ्यात सगळे हात वर गेले होते, आणि सगळ्यांचं तोंड फोर्तुनाताकडे होतं.

"मी घेईन तास," ती म्हणाली. "पण भाषण नाही. दर गुरुवारी सत्तेवरचा एक माणूस चुलीपाशी बसवायचा, सूप वाढायचं आणि विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत यापा."

टाळ्या पडल्या. झेनोबिओनंही वाजवल्या. पहिल्या गुरुवारसाठी महापौरांना आवताण गेलं. त्यांची तब्येत बिघडली. खाणीच्या इंजिनियरला गेलं. त्याची बदली झाली. खुर्ची रिकामी, सूप तयार आणि गाव रेडिओपाशी कान लावून बसलेलं. फोर्तुनातानं इकडेतिकडे पाहिलं आणि या घरात अकरा वर्षं जो सत्तेवर आहे त्यालाच बसवलं.

पहिला प्रश्न संडासाच्या दाराचा होता. त्याला आता पाच गुरुवार झाले. महापौर मध्यंतरी बरे झाले, आणि येतो म्हणून त्यांनी स्वतःहून कळवलंही. पण श्रोत्यांची पत्रं आली की महापौर कुठे पळून जात नाहीत, आधी झेनोबिओचं संपवा.