थरथर निवारण समितीचा फळा

"अगं बये, प्रत्येक खड्ड्याला उत्तर द्यायचं नसतं!"

सायकलमागे धावता धावता आत्या ओरडायची. चाक जरा डावीकडे कललं की ताई हँडल गर्रकन उजवीकडे फिरवायची, मग तितक्याच तत्परतेने डावीकडे, आणि अशा रीतीने दोन्ही बाजूंना पुरेपूर न्याय देत कुंपणात जाऊन पडायची. पुढे ताई इंजिनिअर झाली, आत्या गेली, कुंपणाच्या जागी पार्किंग आलं. आवाज तेवढा कानात राहिला.

वेळेवर येण्यापेक्षा वेळेवर येण्याविषयी बैठक घेणं अधिक मोलाचं असतं, हे गंभीर सत्य ताईच्या कंपनीला फार लवकर उमगलं होतं. (बैठक उशिरा सुरू होई, पण विषय तोच असे.)

निमित्त होतं ताईच्या सर्किटचं. तारेतून शून्य-एकची रांग धावत येते, पण सोबत घड्याळ आणत नाही. तिच्या पावलांवरूनच चालीचा ठेका ओळखायचा, आपला ठेका त्याच्याशी ताडून पाहायचा, मागे पडला तर जरा उचलायचा, पुढे गेला तर जरा आवरायचा. झोका देणारा हात झोका परत येण्याची वाट पाहतो ना, तसंच हे नाजूक काम. पण पावलं कधी नेमकी पडत नाहीत. किंचित पुढे, किंचित मागे. या थरथरीला जिटर म्हणतात. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या दोन-चार तुकड्यांचा हा मामला. (कंपनीची लिफ्ट यापेक्षा जास्त वेळ घेते.)

सगळी पावलं स्क्रीनवर एकावर एक रचली की मधे डोळ्यासारखा आकार उमटतो. थरथर कमी असेल तर डोळा टपोरा. ताईच्या सर्किटचा डोळा तसा उघडाच होता, पण कंपनीच्या साहेबांना तो जेवणानंतरच्या बैठकीतल्या डोळ्यांसारखा वाटे.

आणि ग्राहक पाहायला येणार होते. डोळा मिटलेला दिसला तर प्रयोगशाळा बंद, ताई आणि तिच्या सर्किटचे सुटे भाग डाखणारे सोल्डरवाले काका विक्री विभागात. ताईने एकदा घरचं जुनं कपाट विकायला काढलं होतं, तेव्हा घेणाऱ्याला त्याचे दोष इतके कळकळीने समजावले की तो आभार मानून रिकाम्या हाताने परत गेला. ताईपेक्षा विक्री विभागच जास्त धास्तावला होता.

म्हणून थरथर निवारण समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेब. साहेबही एके काळी इंजिनिअर होते; नंतर बरीच वर्षं त्यांनी नुसत्या सह्या केल्या. पण या संकटात त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतःच्या हातांनी एक फळा बनवला. लाल दिव्यांच्या ठसठशीत आकड्यांत थरथर क्षणोक्षणी दाखवणारा. बनवताना अंगठा भाजला, तो त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येकाला दाखवला. टाळ्यांच्या गजरात फळा ताईच्याच टेबलावर बसवला, आणि पसारा नको म्हणून सर्किटच्याच विजेवर जोडला.

फळ्याचे फायदे वर्णावे तितके थोडे. पूर्वी थरथर फक्त ताईला छळत असे, आता ती सर्वांना समान उपलब्ध झाली. हिशेबनिसांचीही झोप उडाली. आकडा हलला की साहेब केबिनमधून धावत येत, "ताई, हलला! काहीतरी करा!" मग काहीतरी केलं जाई. सर्किटने आलेल्या पावलावर किती लवकर विश्वास ठेवायचा, हे एक कपॅसिटर ठरवतो. मोठा लावला की सर्किट हट्टी होतं, छोटा लावला की भोळं. सकाळच्या बैठकीत हट्टीपणा मंजूर होई, दुपारच्या बैठकीत भोळेपणा. अथक परिश्रमांनंतर समिती अखेर मूळ कपॅसिटरपाशी परत आली. अहवालात त्याचा उल्लेख 'अनुभवी' असा होता. दुरुस्त्यांमध्ये चौपट वाढ झाल्याचंही त्यात नमूद होतं. थरथरीतही झाली होती, पण ती दुसऱ्या रकान्यात असल्याने दोन्ही वाढींची गाठ पडली नाही.

ताईला या धावपळीत काही वावगं वाटेना, कारण घरीही तिची हीच शिस्त होती. लेक परगावी शिकत होती, परीक्षा तोंडावर आली होती. ताई तिला दिवसातून फक्त नऊ वेळा फोन करून विचारी, "अभ्यास झाला का?"

मग एके दिवशी काकांनी किटलीसाठी फळ्याची पिन उपटली. पाणी उकळेपर्यंत स्क्रीनवरचा डोळा उघडला. पाळण्यात जागं झालेलं बाळ पाहतं तसा, टकमक. काकांनी पिन परत खोचली, डोळा मिटला. फळ्याचे दिवे उघडमीट करताना विजेला हिसके देत होते. सर्किट त्या हिसक्यांनी थरथरत होतं, आणि ती थरथर फळा इमानाने मोजून दाखवत होता.

"काका, पाहिलंत?"

"मी चहा पाहिला," काका म्हणाले. "तुम्हीही चहाच पाहिलात, ताई. साहेबांचा अंगठा आठवा."

ताईला अंगठा आठवला. त्याहून साहेबांचा चेहरा आठवला. कितीतरी वर्षांनी हाताने काही घडवल्याचा तो आनंद. तिने फळा तसाच राहू दिला.

ग्राहक आले. फळा भडकला होता. घामाघूम साहेब म्हणाले, "ताई, कपॅसिटर बदला! लवकर!"

ताईने हात पुढे केला, आणि सायकलमागून कुणी धावत असल्यासारखा आवाज आला. तिने हात मागे घेतला.

"साहेब, थरथर तुमच्या फळ्यामुळे आहे. मला बरेच दिवस माहीत आहे."

काकांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी अंगठ्याकडे. मग त्यांनीच वाकून पिन काढली. आकडे विझले, डोळा उघडला, आणि साहेब कितीतरी वेळ त्या डोळ्यात बघत राहिले. "बनवला मात्र छान होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"झकास होता, साहेब."

ग्राहकांनी सर्किट घेतलं, प्रयोगशाळा वाचली, विक्री विभागाने सुटकेचा निःश्वास टाकला. (ग्राहकांनी फळेही मागवले, प्रत्येक मजल्याला एक.)

आज ज्या वाचकांनी घरच्या कुणालाही "झालं का?" असं विचारलेलं नाही, त्यांनी पुढच्या ओळी सोडून दिल्या तरी चालेल. (कुणी सोडणार नाही.)

संध्याकाळी ताईने लेकीला दहावा फोन केला आणि सगळी हकिगत ऐकवली. लेक पोट धरून हसली.

"आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"अगं, बोल की."

"माझा अभ्यास अगदी छान चालतो गं. तू विचारेपर्यंत."