काळजाचा सौदा, रुमालाखाली

अन्याय झाला तो काष्टीच्या सर्जेराव नानांवर. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याच्या एका दवाखान्यात. काळीज नानांचं, आणि डॉक्टर बोलले मुलाशी! तेही अर्धं इंग्रजीत, नाना समोर बसलेले असताना.

नाना आमचे शेजारी, बैलबाजारातले दलाल. अजूनही माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडात बघतात. बैलाचं वय दातांवरून कळतं; जावयालाही त्यांनी तसंच पारखलं. "आदी दात, मंग बात!" सौदा मात्र कधी तोंडानं नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आतल्या आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळता कामा नये.

तर, काळजातून निघणारी त्यांची मोठी रक्तवाहिनी मुळाशीच फुगली होती. फुटली तर संपलं. मुलगा संभा सुप्याच्या कंपनीतून रजा काढून आलेला. तो म्हणाला, "नाना, सही करा." नाना उठले ते थेट एसटीनं गावात.

मी गावात अन्यायाविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस, भडकलो. त्यांना घेऊन परत गेलो, डॉक्टरांसमोर ठाण मांडलं. "पर्याय सांगा. मला नाही, यांना!"

डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. फुगलेला भाग काढून तिथं कापडी नळी बसवायची, एवढं नक्की.

"काळजाला धोतार?" नाना म्हणाले.

प्रश्न होता त्या वाहिनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. बैलाचं शिंग लागलं तर रक्त लवकर थांबणार नाही. दुसरी गुरांच्या काळजावरच्या पातळ पडद्यापासून केलेली. तिला बहुधा जन्मभर गोळ्या नकोत, पण काही वर्षांनी ती झिजते.

नाना सरसावले. "किती दाती हुतं जनावार?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले.

तिसरा मार्ग, स्वतःचीच झडप राखायचा. तिला कसबी हात लागतो, आणि पुढंमागं गळायला लागली तर छाती पुन्हा उघडावी लागते.

"तुमची झडप चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "राखावी असं मला वाटतं. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांची हमी देत नाही."

"हे आदी का न्हाई बोलला, डाक्तर? बैल इकताना आमी खोड सांगतो. तुमी माजीच खोड माज्यापास्नं लपवली व्हय?"

डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. नानांनी स्वतःचीच झडप राखायची ठरवून सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी नाना एका जागी बसेनात. वॉर्डबॉयचे दात बघून झाले, नर्सबाईंनी दटावलं. मग मला हाक आली. "ए पत्रकवाल्या, हिकडं ये."

माझा हात ओढला, वर रुमाल टाकला. काहीतरी शेवटचा भाव सांगणार म्हणून मी बोटांची वाट बघत राहिलो. एकही बोट दाबलं नाही. नुसता हात घट्ट धरून ठेवला.

"तोंड तिकडं कर," नाना पुटपुटले. "संभा बगतुय."

तुमच्या घरातलं कुणी ऑपरेशनला निघालं असेल, तर सही मागण्याआधी सगळं त्याला सांगा, त्याच्या भाषेत. आणि हात धरा. उघड्यावर धरा. त्यानं रुमाल काढायची वाट बघू नका.