तुरीतली टीम

"या खेपेला पक्कं हाय, याडी! दोन सालाचा करार! आता घरी बसाचं नाव नाही!" आईला फोनवर ठणकावून सांगत, बगलेत बॉल धरून देवीलाल बोरी अरबच्या फाट्यावर एसटीतून उतरला. साडेसहा फुटाचा गडी! पाय कुठं ठेवावे या चिंतेत अर्धी बस बेजार झालेली.

धंदा बास्केटबॉलचा. लुधियाना, कोची, इंदूर, चेन्नई... हंगाम संपला की टीमवाले गोड बोलून हाती बॅग द्यायचे. मग तांड्यावर येऊन तो घामट जर्सी आईच्या, मोतीबाईच्या पुढ्यात टाकायचा. "धुवू नोको, आहे तशीच दे," ती म्हणायची. माय आपली आठवण पेटीत जपते, असं समजून या बहाद्दराचे डोळे भरून यायचे!

आज नागपूरहून नव्या टीमचे कोच, कपिल सर, सही घ्यायला घरी येणार होते. देवीलालचं वय चौतीस. ही सही हुकली तर खेळ कायमचा संपला. उशीर नको म्हणून त्यानं आपल्या शेताच्या धुऱ्यावरची जवळची वाट धरली.

दिवस बुडालेला. तुरीवर धुकं उतरलेलं. एकही पाखरू बोलत नव्हतं. आणि धुक्यात कोणीतरी हात पसरून उभं होतं.

पिवळी जर्सी, तेरा नंबर. त्याचाच नंबर! मुंडकं होतं, तोंड नव्हतं. पुढं निळी, तिच्यावरही तेरा. मग हिरवी.

"अबे, हे त मीच आहो!"

जिथून जिथून काढलं होतं, तिथला तिथला देवीलाल तुरीत गुमान उभा होता. वाऱ्यानं जर्स्या फुगत होत्या, बसत होत्या, जसा काही श्वास चाललाय. कोपऱ्यात दोन बांबूंचा उघडाच सांगाडा, तोही हात पसरून. त्याच्या बाजूला लाल जर्सी. तेरा नंबर. ही तर त्यानं अजून घातलीच नव्हती!

लाल जर्सीनं हात वर केला. हळूच मान वळवली.

"देवीलाल..."

"मेलो वं याडी!" बगलेतला बॉल त्यानं जीव खाऊन फेकला. धप्प! लाल देवीलाल तुरीत उताणा!

"अरे गाढवा, मी आहे! कपिल!"

बिचारे सर मोबाईल वर धरून रेंज शोधत होते. थंडी वाजली म्हणून भेट आणलेली नव्या टीमची जर्सी त्यांनी स्वतःच चढवली होती.

आरडाओरडा ऐकून मोतीबाई धावत आली. "तू माह्या जर्स्या बुजगावण्याले घातल्या?" देवीलाल रडकुंडीला आला.

"मंग? रानडुकरं मानसाच्या वासाले भेतेत. नुसत्या कपड्यानं नाही भागत, घाम लागते! तुह्या घामानं त तूर वाचते आपली!"

घरी कोच नाकावर ओला फडका धरून बसले. शेवटी फडक्यामागून आवाज आला, "पासमध्ये दम आहे. दोन वर्षं, ठरल्याप्रमाणे."

"दोन?" मोतीबाईचा चेहराच उतरला. "दोन साल नवी जर्सी नाही आली, मंग त्या कोपऱ्यातली तूर कोन राखन? साहेब, एकच साल घ्या न!"

कोचनी सुजलेलं नाक चाचपलं. "मावशी, तुमचा शब्द कसा मोडू?" म्हणत त्यांनी दोनाचं एक केलं.

देवीलालनं मुकाट सही केली. दारातून तो उघडा सांगाडा दिसत होता, अजून हात पसरून.

"आन बेटा," मोतीबाईनं बजावलं, "हे लाल बी धुवू नोको!"