काच एकच, दर दोन

आमच्या इमारतीत खाली कार्यालयं आहेत आणि वर माणसं राहतात. या व्यवस्थेबद्दल आजवर कोणाची तक्रार नव्हती. खालचे लोक वर बघत नसत आणि वरचे लोक खालच्यांना लिफ्ट अडवण्यापुरतंच ओळखत. वर्षातून एकदा काचवाला यायचा, गच्चीवरून दोर सोडायचा, कमरेला पट्टा बांधून लटकायचा आणि बाहेरून सगळ्या काचा धुऊन जायचा. घराच्या काचेला तो एक दर लावायचा, कार्यालयाच्या काचेला दुप्पट. असं का, हे त्याला कोणी विचारत नसे, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

यंदा पहिल्या मजल्यावरच्या विमावाल्याने विचारलं.

"काच तीच, पाणी तेच, फडकंही तेच. मग मलाच दुप्पट का?"

"साहेब," काचवाला म्हणाला, "घराच्या काचेतून नुसता उजेड येतो. तुमच्या काचेतून गिऱ्हाईक येतं."

"गिऱ्हाईक दारातून येतं!"

"मग दार धुऊन देऊ?"

प्रकरण हातघाईवर येणार असं दिसताच मी मध्ये पडलो. मी या इमारतीचा सेक्रेटरी. बिनपगारी आहे, पण बिनडोक नाही, असं मी वार्षिक सभेत एकदा म्हणालो होतो आणि त्यावर एकही टाळी पडली नव्हती. मी तिथल्या तिथे तत्त्व मांडलं. दर काचेचा नसतो, काचेमागे काय चालतं त्याचा असतो. कमाई चालत असेल तर काच व्यापारी, नुसतं जगणं चालत असेल तर निवासी. हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं, की त्याच संध्याकाळी सभा बोलावून मी काच वर्गीकरण समिती नेमली. अध्यक्ष मी. तांत्रिक सल्लागार म्हणून काचवाला, त्याला बैठकीचा भत्ता. शिवाय कोणी पुरावा बदलू नये म्हणून 'जैसे थे' आदेश काढला. वर्गीकरण होईपर्यंत कोणीही खिडकी उघडायची नाही, धुवायची नाही. प्रत्येक खिडकीवर चिकटपट्टी लावली आणि त्यावर माझी सही केली. सही मी जरा मोठीच केली.

आता आमच्या घरात त्या वेळी सासूबाई होत्या. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डाव्याची तारीख तोंडावर आली होती. डोळ्यावरची पट्टी निघाल्याबरोबर त्या मोठ्या उत्साहाने खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या. खिडकीवर वर्षभराची धूळ होती, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट होतं आणि त्यावर कबुतरांनी आपापले अभिप्राय नोंदवले होते.

"जावईबापू, बाहेर धुकं आहे का हो?"

"नाही हो आई, चांगलं ऊन आहे."

"मग गेला माझा डोळा!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ताटातलं दिसतंय, तुमचं तोंड दिसतंय. पण डॉक्टर म्हणाले होते लांबचं दिसेल. तुमचं तोंड बघायला का मी डोळा कापून घेतला?"

"अगं आई, काच घाण आहे," माझी बायको म्हणाली.

"मला समजावू नकोस. घरात सेक्रेटरी असताना काच इतकी घाण राहील का?" आणि मग हळूच, "दुसरा डोळा मी नाही कापून घेणार. भीती वाटते गं मला. आहे तेवढा उजेडही जायचा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, की डाव्या डोळ्याला उशीर झाला तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल. बायको स्वयंपाकघरात गेली, डोळे पुसून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आधी आईची खिडकी धुऊन घ्या. तुमची समिती मग धुवा."

"सेक्रेटरीनेच आपलं घोडं पुढे दामटलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक तुमच्याबद्दल काहीच म्हणत नाहीत हो. तेच तर तुमचं दुखणं आहे!"

मी दुर्लक्ष केलं. सार्वजनिक काम करणाऱ्याला घरचा विरोध सोसावाच लागतो. समितीचं काम मात्र पहिल्याच दिवशी अडलं. काचेमागे काय चालतं ते बाहेरून, तटस्थपणे पाहायचं ठरलं होतं. पण काचा घाण असल्यामुळे बाहेरून आतलं दिसेना. दिसण्यासाठी काचा आधी धुवायला हव्या होत्या आणि वर्गीकरणाआधी धुवायच्या तर दर कोणता लावायचा ते ठरेना. शेवटी नाइलाजाने आम्ही दारातून आत जायचं ठरवलं.

दुसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाई शिकवणी घेत होत्या. काच व्यापारी, असं मी म्हणताच त्या उसळल्या.

"ही मुलं गातात असं वाटतं तुम्हाला? कान देऊन ऐका आणि मग सांगा, याला कोणी पैसे देईल का!"

आम्ही ऐकलं. मुद्दा बिनतोड होता. काच निवासी ठरली.

वरच्या मजल्यावरचा तरुण घरी बसून नोकरी करत होता. कंबरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली लेंगा. बराच खल होऊन खिडकीचा वरचा अर्धा भाग व्यापारी आणि खालचा अर्धा निवासी ठरला. त्यावर काचवाल्याने तांत्रिक हरकत घेतली. पाणी वरून खाली वाहतं, तेव्हा व्यापारी भागाचा मळ निवासी भागावर ओघळणार, त्याचं काय? आम्ही ओघळ अधिभार लावला. शेजारची मुलगी खिडकीशी बसून अभ्यास करत होती. अभ्यासाने नोकरी लागते, सबब 'भावी व्यापारी' असा शेरा मी मारला. तिच्या आईने पुस्तकं काढून घेतली आणि पोरीला पंख्याकडे बघत बसवलं. पोरगी खूश झाली. ही बातमी पसरताच वरच्या सगळ्या मजल्यांवर माणसांनी कामधंदा सोडला. आपल्या काचेमागे काहीही चाललेलं नाही हे सिद्ध करण्यासाठी ती काचेसमोर हात बांधून बसली.

खाली तर कहर झाला. विमावाल्याने कार्यालयात पलंग आणला. कारकून मंडळी झोपेच्या कपड्यांत येऊ लागली. रोखपाल भाजी निवडत बसला. विमावाला सगळ्यांना भाचे म्हणू लागला आणि ते त्याला मामा. गिऱ्हाईक आलं की चपला बाहेर काढायला लावून विचारायचे, "बसा, पाणी घेता का? घरी सगळे बरे ना? बरे नसले तर सांगा, हप्ता वाढवावा लागेल."

"हे घर आहे," विमावाला पलंगावरून मला म्हणाला. "घराला घराचा दर लावा."

मामाच्या पांघरुणाला हात लावायचा मला अधिकार नव्हता.

राहता राहिली आमची खिडकी. मी निःपक्षपाती आहे हे जगाला दाखवायची हीच संधी होती. मी स्वतःच्या सासूबाईंची रीतसर तपासणी केली. शेजारच्या बायका येऊन त्यांना बाळाचं पोट का दुखतं, भांडखोर नणंदेला कसं वठणीवर आणायचं, असं विचारत आणि जाताना काहीतरी खायला ठेवून जात. म्हणजे सल्ला आणि मोबदला. काच व्यापारी!

"सल्ला?" बायको किंचाळली. "आईला डोळ्याने दिसत नाही म्हणून ती बोलत बसते, तर त्याचाही तुम्ही धंदा केलात?"

"दुप्पट दर भरायला माझी ना नाही," मी म्हणालो. "पण अपील प्रलंबित असताना भरला, तर चुकीचा पायंडा पडेल."

"कोणाचं अपील?"

"माझं. समितीकडे."

बायकोने तडक काचवाल्याला गाठलं. म्हणाली, "भाऊ, मागाल ते देते, पण आजच्या आज एवढी एक काच धुऊन द्या."

काचवाला आता शर्ट खोचून, खिशाला पेन लावून हिंडत होता. "ताई, आता हात ओले करायला वेळ कुठाय?" तो म्हणाला. "धुण्यापेक्षा ठरवण्यातच जास्त पैसे सुटतात. सकाळी बैठक, दुपारी पाहणी. बादली तर मी विकून टाकली."

बायको घरी आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ खिडकीशी गेली आणि चिकटपट्टीचं टोक धरून ती ओढली. माझी सही टर्रकन फाटली. मी "जैसे थे!" असं ओरडलो, तोवर तिने झडप ढकलून उघडली.

सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "त्या झाडाला पानं आहेत! एकेक, सुटी सुटी! आणि ती बघ, पलीकडच्या गच्चीवरची बाई. सदरा उलटा वाळत घातलाय बयेने!" त्या हसायला लागल्या, मग रडायला लागल्या. बायकोने त्यांना मिठी मारली. "डाव्याची तारीख कधी आहे गं? लवकरची मिळते का बघ!"

खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. पण कर्तव्य कोणाला चुकलंय? उघड्या खिडकीला काच नाही. काच नाही तर वर्ग नाही, वर्ग नाही तर दर नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीने चिकटपट्ट्या फाडल्या आणि काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी तातडीची बैठक घेतली. ठराव एकमताने झाला, कारण आम्ही दोघेच होतो. यापुढे दर काचेवर नाही, बघण्यावर. नुसतं बघणं निवासी. बघून काही लाभ झाला, तर व्यापारी. पाहणीसाठी लांबचं स्वच्छ दिसणारा माणूस हवा होता, म्हणून सासूबाईंना नेमलं. त्यांनाही बसल्या जागी उद्योग मिळाला.

सासूबाई कामात एकदम तरबेज निघाल्या. कालच म्हणाल्या, "जावईबापू, त्या समोरच्या खिडकीत एकजण काहीतरी वाचत बसलंय. मघापासून हसतंय. हे कशात धरायचं?"

"कोणाला हसतंय?"

सासूबाईंनी डोळा बारीक केला. "तुम्हाला. आणि मधूनमधून मान हलवतंय, आपण नाही बाई असले, अशी."

तर समोरच्या खिडकीतल्या सभासदा, नुसते हसला असाल तर काही म्हणणं नाही, तुमचा दर निवासी. पण ती मान हलवताना मनाला बरं वाटलं असेल, तर तो लाभ झाला आणि लाभाला दर दुप्पट आहे. पैसे सुटे काढून ठेवा. काचवाला निघालाच आहे.