गुंडूअण्णांचा बल्ब आणि लाल दोऱ्याची पिन

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, गुंडूअण्णांच्या खिशात बल्ब असतो. मोटारीच्या मागच्या दिव्याचा, लिंबाएवढा. त्याला दोन वायरी डकवलेल्या, आणि त्या खिशातून बाहेर लोंबत असतात. लग्नाला, मर्तिकाला, बँकेत, कुठंही जायचं तर बल्ब बरोबर. एकदा मुलीकडं पुण्याला जाताना हुबळीच्या विमानतळावर त्यांना या बल्बापायी अर्धा तास थांबावं लागलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी तिथल्या तपासणीच्या माणसाला बल्ब कसा वापरायचा ते शिकवलं. तो काय शिकला ते माहीत नाही, पण विमान सुटायच्या आत त्यानं यांना सोडलं.

हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या रायापूरला आमचं आणि त्यांचं कंपाउंड एकच. जन्मभर धारवाडच्या एका कॉलेजात त्यांनी फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळली. आता वय बहात्तर. गाड्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा नव्हे. त्यांना गाडीतलं इंजिन, ब्रेक, गिअर यात काडीचाही रस नाही. त्यांना रस फक्त एका गोष्टीत, शॉर्टमध्ये, म्हणजे शॉर्टसर्किटमध्ये. दिव्याचा फ्यूज उडतोय असं कुणी म्हटलं की ते जेवणाच्या पानावरून उठतात.

त्यांची पद्धत साधी. उडालेला फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी खिशातला बल्ब लावायचा. दिव्याचं बटण चालू केल्यावर बल्ब मंद पेटला तर सगळं ठीक. लख्ख पेटला तर कुठंतरी वायर गाडीच्या पत्र्याला टेकलीय. मग एकेक वायर हलवत, एकेक जोड सोडवत जायचं. ज्या क्षणी बल्ब लख्खचा मंद होईल तिथं चोर सापडला. या कामाला कधी वीस मिनिटं लागतात, कधी चार दिवस. मधे घाई केली की ते हात वर करून म्हणतात, "तडीरी." म्हणजे थांबा. हा एक कानडी शब्द ते मला दिवसातून पन्नास वेळा ऐकवतात. मी कोर्टात आयुष्य काढलेला वकील, तारखा मागून घेणं हे माझं काम, पण मलाही त्यांच्यापुढं हार खावी लागते.

"अण्णा, दुसरा फ्यूज टाकून बघू या की," असं एकदा मी म्हणालो होतो.

"का? पहिल्यानं काय गुन्हा केला?" ते म्हणाले. "तो बिचारा जीव देऊन सांगायलाय की आत काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याच्या जागी दुसऱ्याला मरायला पाठवायलात."

आणखी एक नियम. कारण दाखवल्याशिवाय ते गाडी परत देत नाहीत. उंदरानं कुरतडलेला वायरीचा तुकडा, उगाच लांब स्क्रू, कुणा पोरीची केसांची क्लिप, जे सापडेल ते वाटीत घालून मालकापुढं ठेवतात. मालकानं ते नीट बघायचं, हातात घ्यायचं, मगच किल्ली मिळते. नंतर ते कारण एका बरणीत जातं. एके काळी त्या बरणीत सिंधूअक्कांचं लिंबाचं लोणचं असायचं. आता चिठ्ठ्या बांधलेली चाळीसेक कारणं आहेत. पाहुणे आले की लोक अल्बम दाखवतात, अण्णा बरणी दाखवतात.

सिंधूअक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. खंडेनवमीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना शेवंतीचे हार अक्काच करायच्या, सुईशिवाय, नुसत्या बोटांनी, बोलता बोलता. हुबळीच्या बाजारातून फुलांची पोती यायची आणि संध्याकाळपर्यंत अकरा गाड्या सजायच्या. अक्का गेल्यावर आम्ही धरून चाललो होतो की ते आता संपलं. पण त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी अण्णा स्वतः हार घेऊन दारात उभे. सुईनं ओवलेले, वेडेवाकडे, मधेच तुटलेले, आणि तुटलेली टोकं पिनांनी जोडलेली. फुलं कमी आणि पिनाच जास्त. हसायचं कुणाच्या मनात आलं असेल तरी कुणी हसलं नाही. यंदाही त्यांनीच हार केले आणि आपल्या हातानं गाड्यांना बांधले.

आता मूळ गोष्टीकडं येतो. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या गाडीचे मागचे दिवे गेले. कोर्टाचं काम आटोपून हुबळीहून परत यायला मला दिवेलागण होते, आणि त्या रस्त्यावर मागच्या दिव्याशिवाय येणं म्हणजे मागून येणाऱ्या बसला निमंत्रण. मी अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. ताक तसंच राहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. गाडी शेवटची कुठं नेली, मागं कोण बसलं, काय सामान ठेवलं, पाऊस लागला का. मग डिकी उघडून ते दिव्यांना भिडले. बल्ब मंद. सगळं ठीक. फ्यूज घातला, डिकी लावली, मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, दिवे लावले आणि फ्यूज उडाला. परत आलो, डिकी उघडली, बल्ब मंद. असं त्या दिवशी चारदा झालं आणि दुसऱ्या दिवशी सहा वेळा. दोन्ही मागचे दिवे सुटे होऊन वर्तमानपत्रावर येऊन बसले. हुबळीच्या कमरीपेठेतून नवी वायर आली. कोर्टात मी बसनं जाऊन येत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा पायरीवर बसले होते. बल्ब हातात फिरवत होते. मी म्हटलं, "राहू दे अण्णा, कमरीपेठेत नेऊन दाखवतो."

"माधवीशी माझा करार झालाय," ते म्हणाले. माधवी म्हणजे पुण्याची मुलगी. "तिचं म्हणणं, आता एकटं राहू नका, डोकं चालेनासं होईल तेव्हा कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, ज्या दिवशी मला शॉर्ट सापडणार नाही त्या दिवशी कळेल. त्या दिवशी मी आपण होऊन पुण्याला येतो. बरणी घेऊन."

"अहो, एका गाडीवरून कुठं..."

"गाडी खोटं बोलत नाही, वकीलसाहेब."

मला त्यांचा राग आला. असले करार माणसानं करू नयेत, निदान वकिलाला विचारल्याशिवाय करू नयेत. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. सकाळी उठल्यावर कंपाउंडमध्ये हा माणूस नसेल, हे मला चालणारं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माझा चहा व्हायच्या आत अण्णा हजर. "आपण दोघं मूर्ख आहोत," ते म्हणाले. "दिवे बघायला आपण डिकी उघडतो. शॉर्ट डिकी लावल्यावर होतो. दार उघडं टाकून आत चोर शोधायलोय."

मग त्यांनी मागची सीट आडवी पाडली, छोटी टॉर्च दातात धरली आणि बहात्तर वर्षांचा हा माणूस डिकीत शिरून उताणा झाला. बल्ब पुढं, फ्यूजच्या जागी. "लावा," ते आतून म्हणाले. मी डिकी लावली. बल्ब लख्ख पेटला. तेवढ्यात समोरचे पाटीलमास्तर दुधाची पिशवी घेऊन आले आणि काचेतून त्यांना अण्णांचे पाय दिसले.

"अण्णांना कुठं घेऊन जायलात?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं नाही. शॉर्ट शोधतायत."

"बरं बरं," मास्तर म्हणाले आणि गेटपर्यंत मागं बघत बघत गेले.

आत अण्णांचे हात छताशी चाचपडत होते. डिकीच्या दाराला नंबरप्लेटचा दिवा असतो. त्याची वायर छतातून एका रबरी नळीतून दारात येते, आणि दार लावलं की ती नळी दुमडते. अण्णांची बोटं त्या नळीवर थांबली. पुढचा बल्ब एकदम मंद झाला. बोट काढलं की लख्ख, दाबलं की मंद. मी काचेवर थाप मारली.  आतले हात हलेनासे झाले, म्हणून मी घाबरून डिकी उघडली.

अण्णा तसेच पडून होते. उजव्या हातात पकड आणि डाव्या मुठीत काहीतरी. मला ती पिन ओझरती दिसली. पितळी, आणि तिच्या डोक्याला लाल दोऱ्याचा एक वेढा. अक्का भजनाला जायच्या, तिथं आपल्या साडीच्या पिना दुसऱ्या कुणाच्या पिनांत मिसळू नयेत म्हणून त्या प्रत्येकीला लाल दोरा गुंडाळायच्या. हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनी हार त्या नळीला पिनेनं अडकवला होता, आणि सुकल्यावर तो मीच ओरबाडून काढला होता; पिन मात्र आतल्या वायरीत रुतून राहिली, आणि दार लावलं की पत्र्याला टेकायची.

"सापडलं," ते म्हणाले. खाली उतरले, दिवे परत बसवले, फ्यूज घातला, किल्ली माझ्या हातात दिली आणि घरी गेले. वाटी नाही, कारण नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मालकाला कारण दाखवलं नाही, आणि मालक मी होतो.

दुपारी माधवीचा मला फोन आला. अप्पा, म्हणजे आमचे अण्णा, फोन उचलत नाहीत, म्हणाली. आणि मग, "काका, सापडलं का हो त्यांना?"

"सापडलं की," मी म्हणालो. "एक पिन होती. आमच्याच घरातली, कुणीतरी निष्काळजीपणानं..."

"खोटं कशाला बोलायलात?"

मागून आवाज आला. दारात अण्णा उभे होते. हातात वाटी, वाटीत पिन. ती त्यांनी माझ्यापुढं धरली. नियमाप्रमाणं मी ती उचलली, बघितली, परत ठेवली. मग त्यांनी फोन घेतला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. सापडलेलं कारण सगळ्यांसमोर सांगायचं असतं.

"माधवी, पिन माझी होती. तुझ्या आईच्या डबीतली. मीच लावली आणि मीच तीन दिवस शोधली."



"अप्पा, करार काय होता? सापडली नाही तर. सापडली ना?"

"सापडली."

"मग झालं."

"झालं कसं?" अण्णा म्हणाले. "हार होईना गं तिच्यासारखा. दोन वर्षं करायलोय. सुईनं ओवला की तुटतो. तिनं हाराला कधी पिन वापरली नाही. ती नुसतं बोटांनी कसं करायची, मी चाळीस वर्षं समोर बसून होतो आणि एकदासुद्धा नीट बघितलं नाही."

हे सगळं सांगणाऱ्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांतली प्रत्येक वायर निरखून बघितली होती. मला तिथं बसवेना. मी उगाच आत जाऊन पाणी पिऊन आलो.

परत आलो तेव्हा माधवी त्यांना म्हणत होती, "मला येतं अप्पा. आईनं शिकवलंय. दोरा आणि थोडी फुलं घेऊन बसा, व्हिडिओवर दाखवते."

आता रोज संध्याकाळी कोर्टातून आलो की मागचे दिवे बंद करायच्या आधी मला कंपाउंडमध्ये थांबावं लागतं. अण्णा पायरीवर बसलेले असतात, समोर कुंडीला टेकवलेला फोन, मांडीवर शेवंती, डाव्या अंगठ्याला दोरा. माझ्या गाडीच्या दिव्याचा उजेड त्यांना हवा असतो. पलीकडून माधवी सांगते, "दोन फुलं समोरासमोर, अप्पा. आता फेरा. घाई नको." फूल निसटतं, ते परत उचलतात. कालच चार बोटं लांबीचा एक तुकडा न तुटता झाला. अण्णांनी तो उजेडात धरून दोन्हीकडून ओढून पाहिला. मग तो वाटीत घालून माझ्यापुढं धरला, आणि मी हातात घेऊन नीट बघेपर्यंत तिथंच उभे राहिले.