मोतीमामांच्या लेकी आखाडीला येतात

"पोरगी कोनाची आहे हे?"

मोतीराम कळंबे आमच्या चित्रप्रदर्शनात पहिल्यांदा शिरले तेव्हा त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. समोर भिंतीवर एक कॅनव्हास होता आणि त्यावर संत्र्याच्या बगिच्यात बसलेली एक मुलगी. खाली नेहमीसारखी चिठ्ठी लावलेली होती: नाव, उंची, रुंदी, माध्यम, चित्रकाराचं गाव. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठीला नाक लावलं, आणि माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "उंची तीन फूट? बाई, हे त लयच ठेंगनी झाली. अन् शिक्षन काऊन नाही लिहलं?"

चूक तशी त्यांची नव्हती. पांढुर्ण्यात आमच्या कला मंडळाचं कलादालन म्हणजे एका मंगल कार्यालयाचा पुढचा हॉल. मुहूर्त असले की तिथे लग्नं, मुहूर्त संपले की आमची चित्रं. बाहेर मागच्या लग्नाच्या पताका तशाच लटकलेल्या, आत झगझगीत दिवे, दारात चपलांचा ढीग, आणि ढिगाशेजारी साडी नेसून उभी मी. चपला बाहेर काढायच्या ही मालकाची अट आहे. तो ढीग मी येता-जाता जोडीजोडीनं नीट लावत असते, शाळेतली खोड. मामा जन्मभर सोयरिकी जुळवत आलेला माणूस. त्यांना वाटलं, वधू-वर मेळावा आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि सहनशक्ती लहान. "मामा," मी म्हटलं, "ही मुलगी नाही, चित्र आहे!"

"दिसून राहिलं ना मले," मामा शांतपणे म्हणाले. "पन देयाची आहे ना कोनाले? का जन्मभर अशीच भिताडाले टांगून ठेवता?"

आता यावर काय बोलणार, कप्पाळ? तोवर आमच्या प्रदर्शनातलं एकही चित्र कोणाच्या घरी गेलं नव्हतं. लोक यायचे, 'वा, छान' म्हणायचे, चहा प्यायचे, जायचे. उद्घाटनाचे पाहुणे तर चित्रांकडे पाठ करून फोटो काढून घ्यायचे. चित्रकार बिचारे आपापली चित्रं चादरीत गुंडाळून परत न्यायचे.

"पाह्याले काय जाते?" मामा म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. या एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली आहेत. "उद्या पाहुने घेऊन येतो."

मामांना न ओळखणारा माणूस आमच्या भागात सापडणं कठीण. राखाडी सफारी, वरच्या खिशात पोरापोरींचे बायोडाटे घडी घालून ठेवलेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ. कुठे जुळून जाईल नेम नाही, म्हणून नारळ सोबतच. तिगावापासून बोरगावापर्यंत असं घर नाही, ज्याच्या स्वयंपाकघरापर्यंत मामा पोचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. सोबत तिगावचे एक संत्रा बागायतदार, त्यांची बायको, आई आणि एक आतेबहीण. मामांनी कार्यालयाच्या खुर्च्या ओळीत लावल्या, मंडळी बसवली आणि मला म्हणाले, "बाई, पाहुने आले. चहा टाका जरासा." मी, या मंडळाची सचिव, निमूट चहा टाकायला गेले. परत येते तर काय, सगळे एका चित्रासमोर गंभीर चेहऱ्यानं बसलेले. सौंसरच्या एका तरुण चित्रकाराचं ते अमूर्त चित्र: सगळा कॅनव्हास निळा आणि कडेला एकच लाल रेघ. त्यावर मी तासभर बोलू शकते. कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

"हे पोरगी बोलत नाही जास्त," मामा सांगत होते. "पन समोर बसून पाहा, मन थंड होते. घर सांभाळंन, माही गॅरंटी." मग आवाज उतरवून म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात बारीकसा डाग आहे. आत्ताच सांगून देतो. मंग म्हनान का मामानं लपवलं."

चित्रकार शेजारीच उभा होता. तो उसळला, "अहो, डाग काय! चित्राचा सगळा तोल त्याच्यावर आहे!"

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बापाले असंच वाटते, बाबू."

म्हाताऱ्या आजीनं बराच वेळ निळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या विहिरीत वाकून पाहलं का असंच दिसते." झालं! जुळलं! मामांनी पिशवीतून नारळ काढला. चित्रकला शिकून इतकी वर्षं झाली, पण त्या चित्राबद्दल इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

मग मामा आमचेच झाले. प्रदर्शन लागलं की चित्रकारांच्या आधी हजर. त्यांचे नियम कडक. चित्र तेलरंगातलं की जलरंगातलं, हे आधी विचारणार. "पान्याच्या पोरीले ओल आलेल्या घरी देऊ नाही. चार पावसाळ्यांत माती होते तिची." पसंती झाली तरी आधी घर पाहून येणार. भिंतीला तळहात लावून ओल तपासणार, शेजारी स्वयंपाकघर आहे का, ऊन कुठून येतं, घरातली पोरं बॉल खेळतात का, सगळी चौकशी. सौंसरच्या एका वकिलांना तर त्यांनी तोंडावर नकार दिला. "घर चांगलं आहे, पन मानसं वर मान करून पाह्यतच नाही. सारे मोबाईलमंदी. पोरगी झुरून जाईन तिथं." वकीलसाहेब आजही माझ्याशी बोलत नाहीत.

एकदा नागपूरहून एक नामांकित बाई आल्या. त्यांनी हॉलच्या मधोमध संत्र्याच्या तुटक्या पेट्या रचल्या, आत लाल-पिवळे दिवे सोडले, वरून जुनी लुगडी टाकली. 'मांडणशिल्प' म्हणतात त्याला. मामांनी त्याला तीन बाजूंनी चक्कर मारली. "हे पोरगी नाही बाई," ते शेवटी म्हणाले, "हे वऱ्हाड आहे. याले कोनी ठेवून घेनार नाही, जेऊ घाला अन् वाटे लावा." नागपूरच्या बाई भडकल्या. मला मात्र खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळावं लागलं.

दलाली म्हणाल तर मामांनी कधी घेतली नाही. चहा आणि पहिल्या नारळाचा तुकडा, बस.

आखाडीचं खूळ त्यांचंच. आमच्याकडे आषाढात आखाडीचा सण आला की नव्या सासुरवाशिणींना माहेरी आणतात. मामा एक दिवस शाळेत येऊन माझ्या वर्गाच्या दारात उभे. "बाई, आखाडीले साऱ्याईच्या पोरी माहेरी येतात. आपल्या काऊन नाही येत?"

"आपल्या कोण?"

"भितीवरच्या."

मी कपाळावर हात मारला. पण आखाडात मुहूर्त नसतात, हॉल रिकामाच असतो, हेही खरं. मामांनी छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घेतला, मागे गाद्या टाकल्या, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले आणि गावोगाव फिरून चित्रं गोळा करून आणली. "घ्याले जावं लागते," ते म्हणाले. "पोरी आपल्या मनानं येत नाहीत. मान असते त्यायचा."

आणि काय सांगू बाप्पा! कोणतं चित्र नव्या साडीत गुंडाळून आलं, कोणाच्या चौकटीला गजरा, एका अमूर्ताला तर हळदीकुंकू लावलेलं. चित्रकार रडायचाच बाकी होता. तिगावच्या आजीनं निळ्या चित्रासोबत पुरणपोळ्यांची शिदोरी धाडली. ती आम्ही खाल्ली. आठ दिवस हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जो तो आपलं चित्र कसं दिसतंय ते पाहायला आणि दुसऱ्याचं कसं झालंय ते बोलायला आलेला.

"तुमची जराशी काळवंडली वाटते हो."

"हो ना, धुरानं. पन तुमच्या पोरीची काच किती दिवसाची पुसली नाही?"

मामा दारात उभे. प्रत्येक चित्र आत आलं की म्हणायचे, "आली का माय? ये." मला हसू यायचं. हा माणूस अति करून राहिला, असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात सौंसरचे एक कापड दुकानदार संध्याकाळच्या वेळी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र. मामा चहा पीत बसले होते, मी पुढच्या प्रदर्शनाचे खिळे ठोकत होते. कागद काढला तर आत तीच, बगिच्यातली मुलगी. हिला ठेंगणी म्हणत मामांनीच या घरी दिली होती.

"मामा, राग मानू नका," दुकानदार म्हणाले. "मोठा टीव्ही घेतला. भिंत लागते. माळ्यावर टाकायचं जिवावर आलं, म्हणून परत आणलं."

मी शिडीवरूनच थट्टेत म्हटलं, "असं कसं? एकदा दिली म्हणजे दिली! समजवा मामा यांना. दिल्या घरी सुखी राहावं म्हणा तिला."

मामांच्या बशीत कप खडखडला. चेहरा असा झाला की मी शिडीवरून खाली उतरले.

"बाई," ते म्हणाले, "हे इथं पुन्हा म्हनू नका."

त्यांनी दुकानदाराच्या हातातून चित्र घेतलं, छातीशी धरलं. "आली त आली. तिचंच घर आहे. जा तुमी, काही वाटून घेऊ नका." दुकानदार सुटल्यासारखे निघून गेले.

मग मामा बोलले. त्यांची एकुलती एक लेक, सुनंदा, मुलताईला दिलेली. अर्थात त्यांनीच जुळवलेलं स्थळ. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती एका सकाळी बॅग घेऊन दारात आली. नवरा महिनोन्‌महिने बोलत नव्हता, घरात जीव रमत नव्हता. मामी तर आधीच वारलेल्या. मामांनी तिला चहा करून पाजला आणि दुपारच्या गाडीत परत बसवून दिलं.

"मीच म्हनलं तिले, दिल्या घरी राह्य. दुसऱ्याच्या पोरी जुळवतो मी. माहीच पोरगी परत आली, त लोक काय म्हनतीन? कोन इश्वास ठेवंन माह्यावर?" मामांनी चष्मा काढला. "आता बरं आहे तिचं. नवरा सुधरला, लेकरं झाली. सनावाराले येते, संध्याकाळी वापस जाते. रागावत नाही, बोलते नीट. पन बाई, ते चपला कशी ठेवते माहीत आहे? दाराबाहेर, भिंतीशी, जोडीनं नीट लावून. पाहुन्यावानी. माहेरी कोनी चपला नीट ठेवते का?"

मला त्यांचा राग आला. खरंच आला. माझं तोंड काही माझ्या ताब्यात नसतं. "मामा," मी म्हटलं, "तिगावच्या निळ्या कॅनव्हासला आणायला छोटा हत्ती घेऊन जाता. सुनंदाला आणायला कधी गेलात?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर लावला, पिशवी उचलली आणि गेले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा यायचा नाही.

पण पुढची आखाडी आली आणि मामा आले. छोटा हत्ती पहाटेच निघाला. बोरगाव झालं, सौंसर झालं, तिगाव झालं, तरी गाडी परतेना. चित्रकार माझ्या डोक्यावर बसलेले. उन्हं कलली तेव्हा गाडी दारात थांबली. मागे साड्यांत गुंडाळलेली चित्रं, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मामा मागे गाद्यांवर, चित्रं धरून. मुलताईपासूनच्या रस्त्यानं त्यांची कंबर पार कामातून गेली होती.

सुनंदा उतरली. मामांसारखंच नाक, मामांसारखंच बारीक पाहणं. दारात तिनं चपला काढल्या आणि भिंतीशी जोडीनं नीट लावल्या. मामांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"बाबा घरी आले," ती मला हळूच सांगू लागली, "अन् साऱ्यांसमोर, सासूसमोर, म्हनाले, चूक झाली माही पोरी, तेव्हा ठेवून घ्याले पाह्यजे होतं तुले. चाल, राह्याले चाल. सासूबाईनं चहा ठेवला, तरी बसले नाहीत."

ती हॉलमधून फिरू लागली. मामा तिच्या मागे चार पावलं अंतर ठेवून. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे बापानं उभं राहावं, तसे. खिडकीजवळ, जिथे उजेड सगळ्यात चांगला पडतो, ती जागा मला माझ्या चित्रासाठी हवी होती. मामांनी भांडून ती घेतली होती, आणि तिथे बगिच्यातली मुलगी लावली होती. सुनंदा तिच्यासमोर थांबली.

"हे कोनाच्या घरची?"

"सौंसरले देल्ली होती," मामा म्हणाले. "परत आली."

"मंग?"

"मंग काय? ठेवून घेतली. घर आहे तिचं."

सुनंदानं चित्राच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग पदरानं नाक पुसलं, म्हणाली, "बाबा, माही पिशवी गाडीतच राहिली," आणि बाहेर गेली. मामा जागचे हलले नाहीत. नजर दारावर.

ती परत आली ती तरातरा, हातात पिशवी, कपड्यांनी फुगलेली. दारातच चपला पायानं भिरकावल्या. एक ढिगावर जाऊन पडली, दुसरी उंबऱ्याशी पालथी. "लय भूक लागली बाबा, काही आहे का खायाले?" म्हणत ती सरळ आतल्या खोलीत, तिगावहून आलेल्या शिदोरीच्या डब्याकडे गेली.

माझा हात सवयीनं त्या पालथ्या चपलेकडे गेला. मामांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या बाई," ते म्हणाले. "तशीच पडू द्या."