फुगायला जागा ठेवा

किसनभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, मग माणसांकडं बघायचे. एका सोयरिकीत मुलीच्या बापानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर हे भिंतीला कान लावून उभे. म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय, पर भिंत पोकळ वाजायलीय." सोयरीक मोडता मोडता राहिली.

आम्ही पूर्णा गावात राहतो. त्यांच्या नि आमच्या घराला मधली भिंत एकच. भाऊंची सारी उमर परगावी, कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना थर्माकोलच्या जाड शीट चिकटवण्यात गेली. भिंत झाडायची, पाणी शिंपडायचं, शीटच्या पाठीवर चिकटवायच्या फोमच्या रेघा ओढायच्या, जरा थांबून दाबायचं. फोम फुगतो. जास्त झाला तर शीटलाच भिंतीपासून ढकलतो. म्हणून त्यांचं एकच सांगणं, "फुगायला जागा ठेवा." मी भाकरी भाजत असले की हे ते मलाही सांगत आणि भांडणाऱ्या जावांनाही.

त्यांची बायको गयाबाई लकव्यानं खाटेला खिळली. वाचा गेली. मला तर चार माणसांत बोलायला जमतच नाही. ती खाटेवरून भिंतीवर वाटी वाजवायची, मी इकडून उलथनं. दुपारभर आमचं असं चालायचं.

त्या उन्हाळ्यात भाऊंनी उरल्यासुरल्या शीट आणल्या. "गया भाजायलीय, वहिनी." तीन भिंती झाल्या, मग मधल्या भिंतीला हात घातला.

"ही तर सावलीतली भिंत हाय, भाऊ," मी कसंबसं म्हटलं.

"चारी झाकल्याबिगर काम पुरं होत न्हाई."

खोली गार झाली. पण वाटीचा आवाज बंद पडला. दोन-चार दिवसांनी मी गेले, तर गयाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"एवढं गार केलं, तरी घास घेईना," भाऊ म्हणाले. "काय चुकलं तेच कळंना मला."

मला सांगता येईना. मी त्यांच्यासारखंच शीटवर पेर वाजवलं. आवाजच आला नाही. मग खाटेवरची वाटी उचलून तिच्या हातात दिली. भाऊ वाटीकडं बघत राहिले, आणि उठून सुरी घेऊन आले.

फोम एकदा धरला की सोडत नाही. खाटेपाशी, तिचा हात पोचेल तेवढी शीट कापताना विटांचे टवके निघाले. स्वतःचंच काम मोडताना ते पुटपुटत होते, "जागा ठेवायची राहिलीच की."

मी घाईनं घरी आले, उलथनं घेऊन बसले. वाटी वाजली.

पोळ्याच्या सुमारास गयाबाई गेली. भाऊ आता कुणाकडं जात नाहीत. माझे मालक एकदा म्हणाले, "भाऊ, शीटचा तुकडा हाय की तुमच्याकडं, बुजवून टाका ते भोक."

"बघू," म्हणाले.

दुपारी सगळं सामसूम झालं की मधल्या भिंतीवर वाटी वाजते. मी उलथनं उचलते. संध्याकाळी भाऊ नि मी दारात समोरासमोर आलो, तर दोघंही खाली बघून आपापल्या घरात जातो.